डोकं? कधीच नाही!

४ फेब्रुवारी

मोठी क्रेन मिळाली!! साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून वर तू." आजवर तिथं एकही बाई चढलेली नाही. नवरा याच कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बसतो, तरी धावत न जाता फोनच केला. म्हणाला, "म्हणजे पाळणा लांबला!" चिडून नाही. पण म्हणालाच.

लांबला तर लांबला. आधी क्रेन.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेले. दिवस न जाण्याच्या गोळ्या हळूच मागितल्या, जणू काही चोरीच करतेय. बाई छान आहेत. रक्तदाब पाहिला, मग प्रश्न. सिगारेट? नाही. पायात कधी रक्ताची गुठळी? नाही. डोकं दुखतं? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा?

"नाही, कधीच नाही!"

निघूनच गेलं तोंडातून. सवय! यार्डाच्या तपासणीत आम्ही क्रेनवाले दर वेळी असंच घडाघडा बोलतो — चक्कर नाही, डोकं नाही, झोप उत्तम. फक्त एकानं खरं सांगितलं होतं, "कधीकधी गरगरतं." तो आता गोदामात खिळ्यांचे डबे लावतोय.

बाई म्हणाल्या, "असतं तर दुसऱ्या प्रकारची दिली असती. त्यात काही अवघड नाही."

दाराशी पाय अडला. कारण रेषा दिसतात मला. वर्षातून एखाद-दोनदा. उजव्या कडेनं, काचेला तडा जात जावा तशा. मग अर्धं डोकं ठणकतं, उलटी होते, झोपते, संपलं. नवऱ्याला सांगते, पित्त झालं.

वळून सांगायला हवं होतं. पण बाईंचे यजमान आमच्या यार्डाचे डॉक्टर! घरात जेवताना विषय निघाला तर? गपचूप बाहेर आले.

१० फेब्रुवारी

पहिली गोळी. एक घोट पाणी, झालं! एवढीशी ती, आणि केवढी धाकधूक.

नवऱ्यानं आतला कागद उलगडला आणि भाषण ठोकल्यासारखा वाचायला लागला. "चमकत्या रेषा दिसून डोकं दुखत असेल तर ही गोळी घेऊ नये. मेंदूत रक्ताची गुठळी..." मग माझ्याकडे पाहून, "बाईसाहेबांचं कुठलं दुखतंय? त्या दुसऱ्यांचं दुखवतात!"

मी हसले. कागद घडी करून डब्याच्या तळाशी ठेवला.

२१ फेब्रुवारी

रेषा. भांडी घासताना. एवढ्यात परत??

२७ फेब्रुवारी

पुन्हा. या वेळी जास्त वेळ टिकल्या. तो म्हणाला, "पित्त फारच वाढलंय तुझं, तिखट बंद कर." बिचारा!

गोळी बंद करावी का? आणि तेवढ्यात दिवस गेले तर? चढण्याआधीच उतरायचं मग. दुसरी गोळी मागायची तर खरं सांगावं लागेल. म्हणजे खिळ्यांचे डबे. काय करू!

५ मार्च

वर! केबिनचा तळ काचेचा. पायाखाली सगळं यार्ड, आणि मधोमध काका, यार्डातले जुने, क्रेनला हातानं खुणा करणारे. आमच्यात त्यांचा हात म्हणजे हुकूम. पहिली पेटी अशी अलगद टेकवली की आवाज नाही. काकांनी टोपी काढून हलवली. रडलेच मी. वर कोण बघतंय?

११ मार्च

लिहायला नको वाटतंय.

पेटी अधांतरी होती. उजवीकडून रेषा आल्या, आणि काकांचा अर्धा भाग दिसेनासा झाला. खुणेचा हात त्याच बाजूला! उजवी बोटं बधिर, क्रेनचा दांडा हातात आहे की नाही कळेना. डाव्या हातानं तो कसाबसा मागे ओढला. पेटी झोके घेत काकांच्या डोक्यावरून गेली.

खाली उतरल्यावर वाटलं, शिव्यांची लाखोली मिळणार. काका एवढंच म्हणाले, "पोरी, बरी आहेस ना?"

"वारा होता," म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

१२ मार्च

ठरलं. सोमवारी सुट्टी आहे. बाईंना सगळं सांगते. क्रेन गेली तर गेली, माणूस चिरडायला नको माझ्या हातून. नवऱ्यालाही सांगते. आधी भडकेल, मग स्वतःच रिक्षा बोलावेल.

हे लिहिलं आणि जिवात जीव आला. सोमवार काही लांब नाही. तोवर गोळी घेतेय, मध्येच सोडायची नसते म्हणतात.

मे. तारीख माहीत नाही

डावा हात. अक्षर वेडंवाकडं.

उजवा उठत नाही.

सोमवार आलाच नाही. रविवारी पडले. स्वयंपाकघरात. वर नव्हते, नशीब.

आज डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची जवळ ओढली. "आधी कधी रेषा दिसायच्या का गं?" नवरा शेजारी.

हो म्हणायचं होतं.

बोलता येतो तो एकच शब्द. बाकी सगळे आतच अडकतात.

"नाही," म्हणाले. "नाही. नाही."