तेल्च की स्लावोनित्से

यिहलावा, रविवार

आदरणीय ब्लाझेनावन्संना,
धाकट्या भावजयीचा, म्हणजे यिंद्राचा, मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? नव्या मलमाने उतार पडला का? बाल्कनीतल्या टोमॅटोंना फुलं धरली असतील. इकडे सगळं ठीक. माझा रक्तदाब जागेवर आहे, मीच अधूनमधून जागेवर नसते. बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, पण मधल्या काळात माझ्यावर जो प्रसंग आला तो फोनवर सांगण्यासारखा नव्हता. (फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, हेही आहेच.)

आमच्या खालच्या मजल्यावरचे हिनेक ह्लाडिक तुम्हाला आठवत असतील. आपल्या वोयमीरच्या, म्हणजे तुमच्या भावाच्या, अंत्यविधीला बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होते ते. तुम्हीच तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाला होतात, "एवढा एकच सुरात आहे गं." तेही एकटेच आहेत. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचलं तेव्हापासून ते मला पाव आणून देतात आणि मी त्यांना लसणाचं सूप देते. यापलीकडे काही नाही. (वन्सं, भुवई खाली घ्या.) तर असंच सूप पिता पिता एकदा ते म्हणाले, "यिंद्राबाई, एक दिवस कुठेतरी जाऊन येऊ. तेल्चला जाऊ." माझा डाव भांड्यातच राहिला. मी म्हटलं, "तेल्च नको. स्लावोनित्सेला जाऊ." आता त्यांचा चमचा थांबला.

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत शांतता म्हणून राहिली नाही. मी म्हणायची, तेल्चच्या चौकातल्या दगडांवर पाय मुरगळतो, तळ्यांवर डास असतात, आणि ती रंगीत घरं म्हणजे मिठाईच्या दुकानातले केक, बघून दात शिवशिवतात. ते म्हणायचे, स्लावोनित्से म्हणजे जगाचं टोक, भिंतींवर इतकी चित्रं कोरलीत की वर बघून बघून मान दुखते. मी म्हटलं, "ट्रम्पेट वाजवताना नाही दुखत ती?" बेकरीवाली त्यांच्या बाजूची निघाली, म्हणून मी बेकरी बदलली. (नव्या बेकरीतला पाव कच्चा असतो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.) शेवटी मी जिंकले. कशी ते विचारू नका. सूप बंद होतं एवढंच सांगते.

माझं खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. लग्नानंतर वोयमीर मला तेल्चला घेऊन गेला होता, आणि तुमचा निळा कोट माझ्या अंगावर होता. त्या चौकात दुसऱ्या कुणाबरोबर पाय ठेवायचा मला धीर नव्हता, आणि हे ह्लाडिकांना सांगायचं तर आपण एकमेकांचे कोण, हा प्रश्न आधी आला असता.

गाडीत बसलो. आता स्लावोनित्सेची गाडी तेल्चवरूनच जाते, म्हणून मी खिडकीकडे पाठ करून बसले होते. तळलेले कटलेट पावात घालून नेले होते. ह्लाडिकांनी हात लावला नाही. ह्लाडिक, आणि कटलेटला नको म्हणतात!

"बरं नाही का?"

"बरंय."

"मग खा की. माझ्या हातचं आजच कडू लागायला लागलं?"

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "यिंद्राबाई, माझा थोरला भाऊ स्लावोनित्सेतूनच निघून गेला." त्यांची मावशी तिथे राहायची, म्हणून, सरहद्दीवर तारा आणि बंदूकधारी शिपाई होते त्या काळात, सरहद्दीजवळच्या त्या गावात जायचा परवाना या दोघा भावांना मिळाला होता. एका सकाळी थोरल्याने, स्लावेकने, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "आईला सांभाळ" म्हणाला, आणि जंगलाच्या दिशेने चालत गेला. पलीकडे पोचला की नाही, ते आजवर कळलं नाही. आई मरेपर्यंत पोस्टमनची वाट बघत होती. ह्लाडिक त्यानंतर त्या गावाकडे फिरकले नाहीत.

आणि अशा माणसाशी मी सूप बंद करून भांडले होते, वन्सं. गाडी थांबली तशी मी पिशवी उचलली.

"उठा."

"अहो, हे तेल्च आहे."

"म्हणूनच म्हणते, उठा."

चौकापर्यंत मी ताठ मानेने चालले. कारंज्यापाशी मात्र माझा बांध फुटला. ह्लाडिक बिचारे घाबरले. "तुमच्या मनाविरुद्ध झालं ना? परत जाऊ या का?" मग मी सगळं सांगितलं. त्यांनी हळूच टोपी काढली, जणू वोयमीर समोर येऊन उभा होता. म्हणाले, "चांगला माणूस होता. जिन्यात नेहमी मला आधी वाट द्यायचा." एवढंच. मग आम्ही तिथल्या बाकावर बसून कटलेट खाल्ले. त्यांनी माझ्याही वाटणीचे खाल्ले. हात पुसत म्हणाले, "पुढची गाडी असेल. येता का माझ्याबरोबर?"

स्लावोनित्सेतून आम्ही सरहद्दीच्या रस्त्याने चालत निघालो. माझे नवे बूट इतके चावले की मी ते हातात घेतले, आणि अशा रीतीने तुमच्या भावजयीने आंतरराष्ट्रीय सीमा पायमोज्यांवर ओलांडली. तिथे काही नाही, वन्सं. तारा नाहीत, शिपाई नाही. एक पाटी आणि दोन्हीकडे गव्हाचं शेत. सायकलवरून एक जोडपं आलं, जर्मनमध्ये नमस्कार करून निघून गेलं.

"हीच का हद्द?" ह्लाडिकांनी मला विचारलं.

"पाटीवर तसंच लिहिलंय."

"एवढीच?"

ते एक पाय अलीकडे, एक पलीकडे असे उभे राहिले. मग त्यांनी "स्लावेक" अशी हाक मारली. मोठ्याने नाही. जेवायला बोलवतात तशी. पलीकडे कुणीतरी ट्रॅक्टर चालवत होतं, ते चालवतच राहिलं. मी त्यांचा हात धरला. (तिथे दुसरं काय करणार?)

दोन्हींतलं कुठलं गाव चांगलं, असं तुम्ही विचाराल. मला सांगता येत नाही. एका गावात डोळ्यांत पाणी होतं, दुसऱ्यात मी ह्लाडिकांच्या पाठीकडेच बघत होते. बेकरीवालीला मी दोन्ही छान आहेत असं सांगितलं. जुन्या बेकरीवालीला.

प्रकृतीला जपा.

तुमची,
यिंद्रा

ता. क. परतीच्या गाडीत ह्लाडिकांनी मला मागणी घातली. मी म्हटलं, मला माहेर उरलं नाही, आहे ते ब्लाझेनावन्संचं घर. त्यांना विचारल्याशिवाय माझ्या तोंडून हो निघायचं नाही.

पुन्हा ता. क. पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पत्र घेऊन आलेला माणूस या क्षणी तुमच्यासमोर उभा आहे. चार जिने चढलाय आणि त्याला शब्द सुचणार नाहीत. नाही म्हणायचं असेल तरी आधी त्याला खुर्ची द्या, कॉफी द्या. हो म्हणायचं असेल तर तेवढी खिडकी उघडा. हे शेवटचं मी तुमच्या गावात, ब्रनोतच लिहिते आहे, तुमच्या घरासमोरच्या बाकावर बसून.