आईचं ताजीन

७ ऑक्टोबर, मंगळवार
रकिया गेली! टँजिअरला आमच्या लेकीला, सलवाला मुलगी झाली, म्हणून नव्या आजीबाई पहिल्या बसने पसार. जाताना दारातून ओरडली, "बारा दिवस कॅफेत गिळू नका. भांडं आहे, शेगडी आहे, देवाने हात दिलेत!"
दिलेतच! तीस वर्षं बस चालवली, एक कोंबडी शिजवता येणार नाही? आणि भांडं कुणाचं? आईचं! त्या मातीच्या ताजीनात दगड शिजवले तरी चवदार होतील. रकियाला मी हे रोज ऐकवतोच.

८ ऑक्टोबर
जमलं! कोंबडी, कांदा, खारातलं लिंबू, ऑलिव्ह. वर ते टोपीसारखं उंच झाकण ठेवलं आणि दोन तास हात लावला नाही. (लावला. तीनदा.) फोनवर रकियाचा पहिला प्रश्न — "झाकण किती वेळा उचललंत?" हिला कसं कळतं!

१० ऑक्टोबर
मटण, सुके आलुबुखार, बदाम! शेजारच्या ईत्तोला वाटीभर दिलं. म्हणाली, "काका, मीठ विसरलात. पण हिंमत आहे तुमची!"

११ ऑक्टोबर
फुटलं.

१२ ऑक्टोबर
काल लिहवेना. रस्सा आटला, करपल्याचा वास आला, मी घाबरून गार पाणी ओतलं. टक्क! बुडाचे दोन तुकडे, रस्सा निखाऱ्यांवर. आईचं भांडं! रकियाने जरा जोरात घासलं तरी मी अंगावर जायचो — "जपून! चव तुझ्या हाताला नाही, त्या मातीला आहे." आता तिला कोणत्या तोंडाने सांगू?
ईत्तो म्हणाली, "भांडं फुटलं की इडापीडा टळते, काका." माझी पीडा तर एकोणीस तारखेच्या बसने येतेय!

१३ ऑक्टोबर
सुचलं! तुकडे पिशवीत घालून थेट कुंभारवाडा गाठला. म्हाताऱ्या बूश्ताने पिशवी उघडूसुद्धा दिली नाही. "तुमच्या घरचं ना? माप ठाऊक आहे," म्हणाला आणि आतून अगदी तस्संच काढून आणलं. काय ही स्मरणशक्ती! आई जाऊन नऊ वर्षं झाली.
"जुनं दिसायला हवं," मी हळूच म्हणालो.
तो गालातल्या गालात हसला. "आधी पाण्यात बुडवा, मग ऑलिव्हचं तेल चोळा. मंद आचेवर धूर खाऊ द्या. आठवड्यात पन्नास वर्षांचं होईल, लारबीसाहेब!"

१५ ऑक्टोबर
भिजवलं, वाळवलं, तेल पाजलं. आज गच्चीवर शेगडी. मीच काळाठिक्कर झालो, पण बूडही झालं! आईच्या भांड्याच्या काठाला टवका होता — तो राहिलाच होता. किल्लीने उडवला. हुबेहूब!
ईत्तो कठड्यावरून — "काका, चोरीबिरी करताय काय?"
"स्वयंपाक!"

१८ ऑक्टोबर
रंगीत तालीम. मटण मऊ झालं, पण चव आईची नाही. नसणारच. माती नवी. उद्या पहिल्या घासाला पकडला जाणार मी.

१९ ऑक्टोबर
आली! नातीचं कौतुक करता करता बाह्या सरसावल्या आणि ताजीन शेगडीवर चढवलं. भांडं फिरवून पाहिलं, टवक्यावरून बोट फिरवलं. मग कांदा चिरायला घेतला. मला घाम!
पहिला घास — तीच चव! तीच! सहा दिवसांच्या भांड्यात! मी सुटलो. पण हे झालं कसं?

२० ऑक्टोबर
पोटात राहिना. सकाळीच सगळं सांगून टाकलं. रकिया हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
म्हणाली, हे तिसरं भांडं. पहिलं आईनेच फोडलं होतं, सलवा रांगत होती तेव्हा. दोघी सासू-सुना गुपचूप बूश्ताकडे गेल्या, दोघींनी गच्चीवर धूर दिला. टवकाही आईनेच उडवला — किल्लीने! "लारबीला सांगू नकोस गं, रडत बसेल," असं म्हणाली होती.
म्हणजे इतकी वर्षं मी रकियाच्या हातची चव चाखत होतो आणि तिलाच टोमणे मारत होतो. लाज वाटली.
दुपारी एकाच ताजीनात जेवताना मधला मटणाचा मोठा तुकडा तिच्या बाजूला सरकवला. "हे काय नवीन?" म्हणाली.
"तुझ्या हाताला चव आहे," मी म्हणालो. पहिल्यांदा.
तिने तुकड्याचे दोन केले आणि अर्धा माझ्याकडे ढकलला.