उपडं मडकं

आबा, बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातला तुमचा मोठा हंडा अजून आहे. आता त्यात चुना कालवतात. तुम्ही पाहिलं असतंत तर कालवणाऱ्याची धडगत नव्हती, पण मी पाहून पुढे गेले. हल्ली बोलायचाच कंटाळा येतो. इतकी वर्षं मुलांकडून बाराखडी घोकून घेतली, शाळा सुटल्यावर आजाऱ्यांच्या घरी फेऱ्या घातल्या, आता जीव शिणला आहे. यंदा पुन्हा तापाची साथ आली आहे, आणि खाटेवर पडल्या पडल्या मला ते मानमोडीच्या तापाचं साल आठवतं आहे.

तेव्हा आपली ख्रिस्ती मंडळी केवढीशी. कुणी डोंगरातून उतरलेलं, कुणी गावातलं, बाप्तिस्मा घेतला म्हणून भाऊबंदांनी तोडलेलं. एकमेकांशिवाय कुणाला कुणी नव्हतं. म्हणून कुणी आजारी पडलं की सगळ्यांनी त्याच्या खाटेभोवती दाटीवाटीने बसायचं, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, ही आपली रीत. मानमोडीला तीच रीत आयती सापडली. एका घरी गाऊन आलेली माणसं पाठोपाठ आडवी झाली, तेव्हा पाळकसाहेबांनी आजाऱ्याच्या घरात जायलाच बंदी केली. खाटेपाशी बसायचं नाही तर मंडळी कशाला म्हणायचं, असं एक बाई त्यांना तोंडावर म्हणाली. मग तुम्ही वाट काढलीत. तुम्ही बोर्डिंगचे आचारी, मुलं साथीमुळे आपापल्या घरी पाठवलेली, हंडा रिकामाच होता. ज्वारीच्या कण्यांची पेज शिजवून दारोदार न्यायची. ज्याला हवी त्याने दाराशी मडकं सुलटं ठेवायचं, नको त्याने उपडं. आत जायचं नाही, बोलत थांबायचं नाही. सगळ्यांना ते पटलं.

सकाळ झाली की खांद्यावर कावड घेऊन तुम्ही पुढे आणि पळी घेऊन मी मागे. शेतात जोंधळा उभा आहे, कापायला माणूस नाही. नंदुरबारच्या मिरचीवर वाढलेली माणसं तापातही आतून कुरकुरतात, पेजेला तिखट नाही म्हणून. आधी उठून बसा, मग ठेचा देतो, असं तुम्ही अंगणातूनच सांगता आणि पुढच्या दाराकडे वळता.

शेवटचं घर फुईचं. ती कुणाची सख्खी आत्या नव्हती, पण एकटी म्हातारी म्हणून सारी मंडळी तिला फुई म्हणायची. एका सकाळी तिचं मडकं उपडं दिसलं. म्हातारी उठून बसली वाटतं, असं म्हणत आपण खूश होऊन परतलो. दुसऱ्या दिवशीही उपडंच. मी वळले, तुम्ही मात्र थबकलात. मडक्याच्या बुडावर पडलेली कडुलिंबाची पानं कुणी झटकली नव्हती. तुम्ही हाका मारल्यात, उत्तर आलं नाही, तेव्हा कावड खाली ठेवून बंदी मोडून आत शिरलात. फुईला धड मानही हलवता येत नव्हती. शेजारच्या बाळंतिणीला पेज पुरली नाही, हंड्याचा तळ खरवडून द्यावी लागली, हे तिच्या कानावर गेलं होतं. तुमचा हात धरून ती म्हणाली, "मन्हा वाटानी पेज त्या बाळंतीणले दी टाक, भाऊ." दुपारी ती गेली.

तिला माती देऊन परतताना मी म्हणाले, मडकं तर उपडं होतं, आपलं काय चुकलं? तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत, तेव्हाही नाही.

"मडकाले काय इचारस, बाई? मानूसले इचार."

त्या दिवसापासून मडकं कसंही असो, आतून ओ येईपर्यंत तुम्ही दारातून हलत नसा. हाका मारून मारून घसा बसला. मग तुम्हीच पडलात. मी आपलं मडकं उपडं ठेवायला निघाले, कारण साऱ्या मंडळीला वाढणाऱ्याच्या घरी दुसऱ्याने वाढायचं याची मला लाज वाटली. तुम्ही खाटेवरून खुणावलंत, सुलटं ठेव. जी माणसं आपल्या पेजेवर उठली त्यांच्याच हातची करपलेली, पातळ पेज आली. तुम्ही ती चाटूनपुसून खाल्लीत आणि वर तिखट नाही म्हणून कुरकुरलात. त्या दुखण्यातून उठलात, पण छातीचा जोर गेला तो गेलाच, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तुम्हाला वाढताही येत होतं आणि घेताही येत होतं. मी त्यातलं अर्धंच शिकले, आबा, आणि त्याचा मला फार थकवा आला आहे.

हे लिहून पेटीत ठेवीन, दुसरीकडे कुठे धाडणार? आज सकाळी मंडळीतली एक सून डबा घेऊन आली होती. ती दारातून परतली नाही. आत येऊन खाटेपाशी उभी राहिली आणि तुम्ही सांगितलं होतं तसं तिने माणसालाच विचारलं, बाई, जेवलात का? मी चादर गळ्यापर्यंत ओढून हसले. म्हटलं, मी बरी आहे, डबा दुसऱ्या कुणाला दे. काल दुपारपासून माझ्या पोटात काही नाही.