गाडी लागली

पिथमपूर, २९ एप्रिल

चि. मिनल हिस,
जय भीम आणि अ. उ. आ.

परवा दुपारी पोचलो, अजून गाडी खाली झाली नाय. कंपनीच्या भिंतीला धरून रांगेत हाय, पुढं चौदा गाड्या. फोन करायचा तर तू लगेच म्हणणार, अण्णा लोकेशन सांगा. फोनवर चाकणच्या ऑफिसातली मॅडम बोलते, माझी पोरगी नाय. म्हणून कुलदीप ड्रायव्हरकडं हे पत्र देतोय. तो आज परत निघालाय, बिल्टीच्या कागदांच्या फायलीत घालून चाकणच्या गेटवर देईल. तूही असंच लिहीत जा. पत्रात तरी उशीर का झाला, असं विचारू नको.

केबिन नुसती भट्टी झालीय. बाटलीतल्या पाण्यात चहापत्ती टाकायची बाकी. तुझी आई असती तर म्हणाली असती, वीस वर्षं कारखान्यात भट्टीपुढं उभे राहिलात, हौस फिटली नाय का. ती जाऊन दोन वर्षं झाली, आता तिची बोलणी माझी मीच मला ऐकवतो. तेवढीच सोबत.

एकटीपुरतं काय करायचं म्हणून वडापाववर राहू नको. जीव लावतेस तसा थोडा स्वतःलाही लाव.

तुझा,
अण्णा


आकुर्डी, ६ मे

ती. अण्णांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्र पोचलं. गेटवरच्या माणसाने विचारलं, मॅडम, हे कुठल्या मालाचं चलन? मी म्हटलं, घरच्या.

उशीर का झाला ते विचारत नाही. एरवी का विचारते, तेवढं सांगते. तुमच्या गाडीत कारच्या दरवाज्यांची लॉकं असतात ना, ती उतरली की चार तासांत नव्या गाड्यांना बसतात. पूर्वी कंपन्या महिन्याचा माल भरून ठेवायच्या. आता गोदामच नाही. रस्त्यावर धावणारी तुमची गाडी हेच त्यांचं गोदाम. तुम्ही थांबलात की तिकडे चारशे माणसं हात बांधून उभी.

म्हणून मी आमच्या ऑफिसच्या रणजीत सरांना लेखी दिलं, की उन्हाळ्यात धुळ्यापुढे बारा ते चार गाड्या सावलीत थांबवू, आणि पिथमपूरला एका दिवसाचा जास्तीचा माल ठेवू. सर हसले. म्हणाले, ऊन काय यंदाच पडायला लागलंय का?

यंदा जास्त पडतंय, अण्णा. आमच्या स्क्रीनवर तुम्ही एक हिरवा ठिपका असता. दिवसभर तुम्हाला बघते, पण ठिपक्याला घाम आलेला दिसत नाही. घरी आले की समोरच्या गोजाबाई विचारतात, अण्णा कुठे? मी अगदी बरोब्बर सांगते, सेंधव्याला. मग त्या विचारतात, बरे आहेत ना? ते स्क्रीनवर नसतं.

पाणी पीत राहा. माझ्यावरची माया उन्हात आटू देऊ नका.

तुमची,
मिनल


चाकण, १५ मे

ती. अण्णांस,
जय भीम.

कुलदीपभाऊ तुम्हाला बघायला दवाखान्यात येतायत, त्यांच्या हाती देते. आधी कबूल करते. चूक माझी.

मंगळवारी एक चाळीसला तुमचा मेसेज आला : गाडी लागली. असे दिवसाला पन्नास येतात आम्हाला. गाडी लागली म्हणजे माल उतरवायच्या डॉकला लागली, पोचली. तुमची वेळ दोनची. मी ट्रिप बंद केली. ट्रिप बंद केली की ठिपका जातो. मनात म्हटलंसुद्धा, वा, अण्णा वेळेआधी!

आणि तुम्ही मानपूरच्या घाटात उलट्या करत होतात. लहानपणी मला गाडी लागायची तेव्हा तुम्ही माझं डोकं धरायचात. एवढा मुरलेला ड्रायव्हर, तुम्हाला 'उलट्या होतायत' लिहायची लाज वाटली असणार, म्हणून आपल्या घरचे ते दोन शब्द लिहिलेत. मी ते ऑफिसच्या डोळ्यांनी वाचले.

साडेपाचला पिथमपूरहून फोन आला, कार जोडायची लाइन बंद पडलीय, गाडी कुठाय? तेव्हा शोधाशोध केली. लाइन बंद पडली म्हणून तुम्ही सापडलात, अण्णा. नाहीतर रात्रीपर्यंत मी तुम्हाला पोचलेलंच धरून चालले असते.

महूला जायचं म्हणून दहा वर्षं म्हणत होतात. बाबासाहेबांच्या जन्मगावी पोचलात ते सलाइन लावून.

सर म्हणतात, रिपोर्टमध्ये लिही, ड्रायव्हर न कळवता बाजूला थांबला. तसं लिहिलं की तुमची नोकरी गेलीच. मी लिहिलं, ड्रायव्हरने कळवलं होतं, त्याला ऊन लागलं होतं, मी चुकीचं वाचलं, आणि वेळापत्रकात थांबा नव्हता. सही करून थेट हेड ऑफिसला पाठवलं.

रागावू नका. किंवा रागवा, पण लिहून.

मिनल


शिरपूरच्या अलीकडं, ४ जून

चि. मिनल हिस,
जय भीम, अ. उ. आ.

दुपारचा सव्वा वाजलाय आणि मी कडुलिंबाखाली बसून लिहितोय. हेड ऑफिसचा कागद निघाला. पाऊस लागेपर्यंत बारा ते चार सक्तीचा थांबा, आणि पिथमपूरला एका दिवसाचा माल जादा. अकरा गाड्या उभ्या हायत इथं. कुणी पत्ते खेळतंय, कुलदीप कांदा फोडतोय.

त्याच्याकडूनच कळलं, तुला स्क्रीनवरून उठवून रिकाम्या ट्रे धुवायच्या शेडला टाकलंय. तिसरा आठवडा म्हणे. मी दवाखान्यातून येऊन आठ दिवस घरी पडून होतो. तू रोज इस्त्रीचा ड्रेस घालून, डबा घेऊन निघायचीस. संध्याकाळी तुझ्या बोटांना वंगण दिसायचं. मला वाटलं, स्कूटीची चेन पडली असंल. स्कूटीला चेन कुठं असते, हे मला ड्रायव्हर असून सुचलं नाय.

मघाशी नाशिकचा एक ड्रायव्हर म्हणाला, हा थांबा ज्यानं लावला त्याचं भलं होवो, कोण साहेब हाय? सगळे माझ्याकडं बघाया लागले, मी चाकणचा जुना ना. मी म्हणालो, साहेब नाय, ऑफिसातली एक पोरगी. त्यानं नाव विचारलं. ओठावर आलं होतं. पण नाव सांगितलं तर ती आता कुठं असते ते पण सांगावं लागणार, आणि मग ह्यातल्या एकाला पण सावलीत झोप लागायची नाय. म्हणालो, नाव माहीत नाय बाबा.

आता सगळे घोरतायत. मी तेवढा जागा हाय.

कळावे. लोभ हाय तो हायच.

तुझा,
अण्णा