न संपणाऱ्या आकड्यांचा बंदोबस्त

आदरणीय दाजींस,

सादर नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, पोटात घाला. तुमचे गुडघे कसे आहेत? ताईचा खोकला गेला का? (गेला असला तरी गरम पाणी सोडू देऊ नका.) माझी छाती अधूनमधून धडधडते, पण या खेपेला आनंदाने. दाजी, मी जिंकलो!

माझ्या थोरल्या लेकीचे अंडी उबवण्याचे केंद्र तुम्ही पाहिले आहेच. मागे पेटीतली तापवणारी तार जळाली, कोणाला कळले नाही आणि सगळी अंडी थंड पडली. पुन्हा असे झाले तर केंद्राला कुलूप लावीन, असे ती म्हणाली. पेटी दर दोन सेकंदांना उष्णतेचा आकडा संगणकावर पाठवते. त्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम लिहायला मी तिच्याकडेच शिकायला बसलो. (सातवीत शाळा सुटलेला मी आणि हातात माऊस! हसू नका.)

पहिल्या प्रोग्रामला मी सांगितले, सगळे आकडे येऊ देत, मग सरासरी काढ. जन्मभर हिशेब असाच केला, आधी माल उतरू द्यायचा, मग बेरीज. सकाळपासून वाट पाहत बसलो. जेवायलाही उठलो नाही, न जाणो तेवढ्यात संपले तर! थोरली म्हणाली, "अहो बाबा, हे संपणारच नाहीत. येतील तसे बघायचे. शेवटच्या पाच मिनिटांचे धरा, जुने टाका." टाका म्हणे! फाटक्या सदऱ्याची बटणे जपणारा माणूस मी. तरी टाकले एकदाचे.

मग भीतीपोटी मी एकेका आकड्यावर घंटा लावली. पेटीचे दार उघडून जरा गार हवा शिरली की घंटा. थोरली एकदा डोक्याला साबण तसाच ठेवून धावत आली आणि म्हणाली, "हा प्रोग्राम अगदी तुमच्यावर गेलाय." शेवटी पाच मिनिटांच्या सरासरीवर घंटा बांधली आणि तो गप्प झाला. इतका गप्प, की मला वेगळीच काळजी लागली.

आणि मागच्या आठवड्यात वाजली! दार बंद, तरी सरासरी हळूहळू उतरत होती. मी ओरडलो, थोरली धावली. तार पुन्हा जळाली होती. तिने लगेच नवी बसवली. काल पिल्ले बाहेर आली, दाजी, पेटीभर चिवचिवाट! थोरली नुसती "बाबा" म्हणाली आणि तिने एक पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवले.

तुमचा मेहुणा

ता. क. घंटेबरोबर फोनवर इशाराही जातो. तो वाजला की माझी छाती धडधडते, म्हणून प्रोग्रामात माझ्याऐवजी तुमचा नंबर घातला होता. दार उघडले की घंटा वाजायची, त्या काळात तुम्हाला रात्रंदिवस जे इशारे आले, ते माझेच. तेव्हापासून तुमचा फोन बंद लागतो, म्हणून तर हे पत्र.

आणखी एक. घंटा वाजली तेव्हा मी जागा होतो, हे निव्वळ नशीब. एरवी मी संगणकासमोर घोरतो, असे थोरली म्हणते. सोमवारी नवी अंडी बसतील. कृपा करून फोन सुरू करा आणि इशारा आला की केंद्रातला फोन वाजवा, तो मढ्यालाही उठवेल. सुरू केलात का, ते लवकर कळवा. पत्राने नको, फोनवरूनच.