पाठीतली बोट

३ नोव्हेंबर
जमलं! दह्याच्या डब्याचा तळ कापला, आतून काळा रंग मारला, लेन्सवर चढवला. काय घट्ट बसला! आता ऊन आडवं येऊ दे, हूड तयार आहे.

फोटो क्लबात दाखवला, तर शिनोहारा-सान म्हणतात, "काजितानी-सान, आधी दही संपवलंत ना?" सगळे फिदीफिदी हसले. यांच्याकडे तीन लाइट मीटर, वजनाला हलका ट्रायपॉड, चामड्याची बॅग. आणि ओनोमिचीच्या प्रदर्शनाचं पहिलं बक्षीसही, सलग अकरा वर्षं. यंदा नाही म्हणजे नाही!

५ नोव्हेंबर
पहाटे धक्क्यावर. निघताना फ्रिजच्या खणातून, लोणच्याशेजारचा रोल घेतला. माझा तीस वर्षांचा नियम — फिल्मची जीभ बाहेर असेल तो रोल कोरा. फोटो काढून झाले की जीभ सबंध आत. कधी चुकत नाही.

फुमिए मागून आली. "अहो, तो रोल—" म्हटलं, बाई, माझ्या सामानात लुडबुड नको, बोट निघेल. तीस वर्षं बायको आहे, तरी वेळ कळत नाही!

पलीकडच्या बेटाची पहिली बोट मिळाली. ट्रायपॉड, लांब वायरचं बटण, श्वास रोखून. रोलमधले छत्तीसच्या छत्तीस फोटो तिच्यावर घातले.

८ नोव्हेंबर
सत्यानाश! काळ्या पिशवीत हात घालून फिल्म डब्यात भरली, न्हाणीघरात धुतली, दोरीवर टांगली — प्रत्येक चौकटीत दोन-दोन चित्रं. एकदा काढलेल्याच रोलवर परत काढलं. उन्हाळ्यात कधीतरी वापरला असणार आणि जीभ आत घ्यायची राहिली. माझ्याकडून! जेवलो नाही.

९ नोव्हेंबर
पस्तीस म्हणजे नुसता चिखल. पण एकोणिसावी!

उजळ पाण्यासमोर कोणी म्हातारा पाठमोरा उभा, नुसती काळी आकृती. आणि त्या पाठीच्या आत माझी बोट. धूर, कठडा, डेकवरची सायकल, सगळं त्याच्या खांद्यांच्या मध्ये मावलंय. अंगावर काटा आला. हा म्हातारा मी कधी काढला, देव जाणे.

फुमिएला दाखवली. तिनं बराच वेळ पाहिली. म्हणाली, "ही मोठी छापा."

१४ नोव्हेंबर
प्रदर्शनाला दिली.

२३ नोव्हेंबर
पहिलं बक्षीस! पहिलं!! शिनोहारा-सान कमरेत वाकले — पुरते वाकले, मी नीट पाहिलं. परीक्षकांनी विचारलं, कसं सुचलं? म्हटलं, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं. धडधडीत खोटं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

शिनोहारा-साननी तेवढ्यात खुसपट काढलंच. "हा म्हातारा कोण हो? पँट ढुंगणावर राहत नाही, एक खांदा पार उतरलाय!"

"असेल कोणी रिकामटेकडा," मी म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. फुमिएही हसली आणि माझ्या कोटाचा खांदा ओढून सारखा केला.

२४ नोव्हेंबर
शेजाऱ्यांकडून संत्र्यांची टोपली. दह्याच्या डब्याबद्दल क्लबातून दोघांचे फोन — कुठल्या मापाचा घ्यायचा?

२६ नोव्हेंबर
जुना लहान कॅमेरा पुसायला काढला. फुमिए स्वयंपाकघरातून धावत — "उघडू नका! माझा रोल आहे त्यात."

तुझा?

"दुसरा. पहिला तुम्हीच नेलात की फ्रिजमधून! सांगायला आले तर लुडबुड म्हणालात. जीभ आत घ्यायची असते हे मला कुठं ठाऊक? फिल्म परत गुंडाळताना हाताला हलकं लागलं की मी थांबते."

म्हणजे तो म्हातारा—

"पुढं उभी राहिले तर सरक म्हणता. म्हणून मागून काढले. छत्तीसही तुमचेच."

आरशाकडे पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून पाहिलं. डावा खांदा. तीस वर्षं त्याच खांद्यावर बॅग. तसाच प्रदर्शनाच्या हॉलवर गेलो, फोटोखालची पाटी बदलून घेतली — तिचं नाव वर, माझं खाली. शिनोहारा-सान तिथंच होते. सांगून टाकलं, तो रिकामटेकडा मीच.

२७ नोव्हेंबर
पहाटे धक्क्यावर. बोट आली. मागून आवाज — "वळू नका हो!" नाही वळलो.