उजवा कान, डावा कान

३ ऑगस्ट
जुन्या तसबिरीत एखाद्या पुरुषाच्या कोटाची बटणपट्टी उलट्या बाजूने का मिटलेली असते? — आज हे कोडे दारातच आले! मंद्रूपच्या केराबाई वडिलांची, दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या कोंडीबांची, तसबीर घेऊन आल्या. सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्हांचे प्रदर्शन मी पंधरा तारखेला भरवतो आहे. त्यात वडिलांचा चेहरा नावानिशी लागावा, एवढीच त्यांची इच्छा. बाप गेला तेव्हा त्या पोटात होत्या. दुसरा फोटो नाही.

कोंडीबांच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली. "आबाचा उजवा, बिरप्पाकाकाचा डावा. बाळी वडून फाटलेलं." काकांनीच केराबाईंना वाढवले. पण दोन भाऊ, दोन फाटके कान? संशय येतो.

६ ऑगस्ट
त्या तसबिरीची काच सापडली. तिरक्या उजेडात धरली — एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. चित्र मंद बाजूला असते. छापताना तीच बाजू कागदाला लावायची; या तसबिरीत मात्र चकचकीत लावलेली. कसलेला फोटोग्राफर येथे चुकत नाही. म्हणजे तसबीर मुद्दाम उलटी छापली!

शिवाय तोच लष्करी कोट, खिशाचे तेच तुटके बटण, आणखी चार काचांत चार निराळ्या माणसांच्या अंगावर. कोट स्टुडिओचाच.

७ ऑगस्ट
सरळ प्रत काढली. फाटका कान डावा.

९ ऑगस्ट
केराबाईंना फोन केला. प्रतीविषयी बोललो नाही, तसबीर कोठून आली एवढेच विचारले. मरणाची तार आल्यावर आई रडायची, चेहरासुद्धा उरला न्हाय म्हणून. तेव्हा काका एकटे सोलापूरला आले आणि तसबीर घेऊन गेले. "पन आई फोटूला हार घालू द्यायची न्हाय. लई वर्सं."
नवऱ्याच्या तसबिरीला हार नको? का?

१२ ऑगस्ट
तसबिरीखालची नावाची पाटी अजून कोरी. ब्याऐंशीव्या वर्षी बाईचा बाप काढून घेण्याचा मला काय अधिकार? पण खोटी पाटीही लिहवत नाही.
घरातल्या प्रत्येक जुन्या तसबिरीला ही साधी कसोटी लावावी: पुरुषाच्या कोटाची त्याच्या डाव्या हाताकडची पट्टी वर हवी. उजवी वर दिसली, तर आधी काच उलटी समजावी — आणि मग ती कोणी उलटली, हे विचारावे.

१४ ऑगस्ट
सरळ प्रत दाखवली. केराबाईंनी फाटक्या कानावर बोट ठेवले.
"काका हाय ह्यो."
मग, पदराने जुन्या तसबिरीची काच पुसत — "काका वारला, त्याच दिवशी आईनं फोटूला पयला हार घातला."